उन्हाचे रांजण

बोरखड्यात ऊबचोराला मारत नसत, आंघोळ घालत. मारलं की हाडं मोडतात, डॉक्टर लिहून देतो, फौजदार येऊन बसतो. पाण्याचा वळ उठत नाही. चौकातल्या टाकीच्या लोखंडी खांबाला माणूस बांधायचा, अंगावरचा स्वेटर तसाच ठेवायचा आणि डोक्यावरून बादली रिकामी करायची. पुढचं काम वारा करतो.

ही रीत कोणी काढली ते आता कोणी सांगत नाही. पण त्या पौषातल्या सकाळी खांबाला बांधलेल्या परगावच्या माणसावर दुसरी बादली दौलत ढोमसेनं ओतली आणि ओतताना तो हसत होता, हे साऱ्या गावानं पाहिलं. त्या माणसाचे दात असे वाजत होते की त्याला 'पाया पडतो' एवढंही धड म्हणता येईना. त्याच्या मिशीवर पाणी पांढरं व्हायला लागलं होतं.

"आणा रे तिसरी!" दौलत ओरडला.

गर्दीतून त्याचा धाकटा भाऊ निवृत्ती पुढे आला. त्यानं खिशातली द्राक्षं छाटायची कात्री काढली आणि कोणाला काही न विचारता दोर कापला. तो माणूस पोत्यासारखा खाली पडला.

"दादा, बास झालं. मरंल तो."

"मरू दे की! आज गाजऱ्याच्या दारात कॅन घेऊन सापडला, उद्या माझ्या दारात येईल. माझ्या घरात बाळंतीण आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हणतो, असलं पाप दारात नको." निवृत्तीनं स्वतःचं घोंगडं त्या माणसावर टाकलं आणि त्याला उठवून आपल्या घराकडे घेऊन गेला. दौलत पचकन थुंकला. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, चोराला चोराचा कळवळा. दौलतला ते बोलणं बरं वाटलं, आणि ते त्याच्या डोक्यात राहून गेलं.

आता ही ऊब चोरायची म्हणजे काय, ते सांगायला हवं.

निफाडची थंडी जुन्या काळातही नावाजलेली होती. द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवायचे, पेपरात फोटो यायचा, झालं. ही नवी थंडी वेगळी. उत्तर ध्रुवाभोवती उंचावर गार हवेचं एक कडं फिरत असतं. ध्रुवच तापायला लागला तसं ते कडं सैल पडलं, नाडी सुटलेल्या लेंग्यासारखं कुठेही घसरायला लागलं. त्याचा एक झोळ पश्चिमेकडून वळसा घालून राजस्थानावरून, खानदेशावरून थेट गोदावरीच्या खोऱ्यात उतरायचा. उणे तीन, उणे पाच. एकदा आला की आठवडाभर मुक्काम. आणि आमची घरं कशी? उन्हाळ्यासाठी बांधलेली. वर पत्रा, खाली फरशी, खिडक्यांना फटी. पहिल्या दोन वर्षांत माणसं शेगड्या पेटवून दारं लावून झोपली आणि सकाळी उठलीच नाहीत. मग सगळ्यांनी विजेचे हीटर घेतले. संध्याकाळी साऱ्या उत्तर महाराष्ट्रानं एकदम हीटर लावले की वीज मंडळाचा दर दुपारच्या सातपट व्हायचा आणि एवढं करून तासाभरात लाईट जायचीच. लाटेच्या एका महिन्याचं बिल भरायचं की पोराची फी भरायची, अशी गत झाली.

तेव्हा रांजण आले. एका कंपनीनं आणले, पण नाव लोकांनीच दिलं. आत पाणी नसतं, मीठ असतं, खायचं नव्हे. सोडा आणि सिरका यांच्यापासून होणारं एक मीठ. ते वैशाखातल्या उन्हात, छपरावरच्या काळ्या पत्र्यांतून आलेल्या उष्णतेनं वितळतं आणि वितळताना पोटभर ऊन पिऊन घेतं. गंमत पुढे आहे. पाणी शून्याखाली गेलं की गोठतं. हे मीठ गार झालं तरी गोठायचं विसरतं. काचेसारखं स्वच्छ, पातळ, तसंच महिनोन्महिने बसून राहतं. पावसाळा जातो, दिवाळी जाते, तरी हूं की चूं नाही. त्याला आठवण करून द्यायला त्याच मिठाचा एक कोरडा खडा लागतो, मोहरीएवढा, त्याहून बारीकही चालतो. तो पडला की त्या कणापासून चारी बाजूंना पांढऱ्या सुया धावतात, बघता बघता सारा रांजण घट्ट होतो, आणि वैशाखात प्यायलेलं ऊन परत ओकायला लागतो. हात लावला तर चटका बसावा एवढं. मग त्याभोवतीच्या नळीतून पाणी खेळवायचं, ते खोलीत भिंतीलगत बसवलेल्या लोखंडी पट्टीत आणायचं; गरम पाणी आपणच चढतं, पंप लागत नाही. एका रांजणावर एक खोली दोनतीन दिवस उबदार राहते. एक संपला की दुसरा.

त्या खड्याला बाया विरजण म्हणायला लागल्या. संपलेल्या रांजणातला चिमूटभर खडा काढून डबीत ठेवायचा, पुढच्या थंडीला तोच कामाला येतो. दह्याचं ठेवतात तसंच.

पण दह्याचं विरजण चुकून दुधात पडलं तर दही तरी मिळतं. रांजणात अवेळी खडा पडला तर सगळी ऊब त्याच दिवशी उधळून जाते, आणि उरतो तो पांढरा दगड. तो पुन्हा वितळवायला पुढचा वैशाख तरी हवा, नाहीतर शंभर घरांची वीज. म्हणून ऊब चोरणारा परवडला, स्वच्छ नळीनं चार कॅन नेईल. दुष्मनाच्या रांजणांत विरजण टाकणारा त्याहून वाईट. त्या गुन्ह्याला कायद्यात नाव नव्हतं, पण गावात सगळ्यात घाण शिवी तीच झाली होती: तुझ्या घरात विरजण पडो.

आणि ती शिवी निवृत्तीनं दौलतला भर चौकात दिली होती.

दोघा भावांची घरं एका भिंतीला पाठ लावून उभी. वाटणी बापानंच करून दिलेली, अंगण मधोमध चिरलेलं. मागच्या मार्चात निवृत्तीनं माडीवर खोली चढवली आणि तिची सावली दुपारनंतर दौलतच्या काळ्या पत्र्यांवर पडायला लागली. पूर्वी भाऊ बांधावरून भांडायचे, आता उन्हावरून. दौलत एक दिवस पहार घेऊन माडीवर चढला आणि त्यानं नव्या खोलीची अर्धी भिंत खाली लोटली. विटा निवृत्तीच्या बायकोच्या, रोहिणीच्या, पायावर पडल्या. तिचा अंगठा चिरडला. तेव्हा तो गरीब स्वभावाचा निवृत्ती, ज्यानं जन्मात कोणाला अरे म्हटलं नव्हतं, चौकात उभा राहून ओरडला होता, "दादा, तुझ्या सहाच्या सहा रांजणांत विरजण टाकीन, तेव्हा तुला कळंल!"

त्यानं खोली काही पुन्हा बांधली नाही. भिंत पडली तशीच ठेवली. दौलतच्या रांजणांना पुरेपूर ऊन मिळालं आणि सहाही रांजण तुडुंब चार्ज झाले. पण बोलणं तुटलं ते तुटलं.

दौलत माणूस तापट, पण देवाधर्माचा पक्का. खंडेनवमीला घरातलं प्रत्येक अवजार पुजलं गेलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. नांगर, फवारणीचं यंत्र, ट्रॅक्टर, मोटार, कात्री, कोयता. मग रांजण का नको? ते तर घराचे राखणदार. यंदाच्या नवमीला बायको मंदा घरी नव्हती. गरोदर लेकीला, तेजलला, पोटात दुखून नाशिकला दाखल केलं होतं, तिच्यापाशी होती. दौलतनं स्वतःच ताट मांडलं. देव्हाऱ्यात हळदकुंकू सापडलं, तांदूळ हळदीत भिजवले, एका डबीत अक्षता भरल्या. अंगणातल्या खड्ड्यात, भुशाच्या थरात गळ्यापर्यंत पुरलेले सहा रांजण. कंपनीचा माणूस बजावून गेला होता की झाकण उघडायचं नाही. दौलत मनात म्हणाला, देवाला बाहेरून नमस्कार करून भागतं का? हंगामाची पहिली अक्षता गाभ्यात पडायला हवी. त्यानं एकेका रांजणाचं बूच काढलं, डोळे मिटले, 'माझ्या लेकीला सुखरूप ठेव' म्हणत चिमूटभर अक्षता आत सोडल्या, बूच घट्ट लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. सहाही ठिकाणी तेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बघतो तर झेंडू सुकून काळे. त्यानं फुलवाल्याला फोनवर आईबहिणीवरून झापलं.

मग लाट आली, आणि लाटेतच तेजल बाळंत झाली. दिवस भरायच्या आत झालेली मुलगी, दोन तळहातांत मावेल एवढी. दवाखान्यातले सगळे उबदार पाळणे भरलेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी रांजण आहेत ना? मग घरीच न्या, इथल्यापेक्षा बरं. फक्त खोली गार पडता कामा नये, हे बाळ स्वतःची ऊब स्वतः धरू शकत नाही. दौलत छाती फुगवून म्हणाला, "सहा आहेत, डॉक्टर. लाट सरेपर्यंत पुरवतो."

आठवडाभर विजेवर काढला. दौलतला रांजण जपून, खऱ्या थंडीसाठी ठेवायचे होते. ज्या दिवशी चौकात चोराला आंघोळ घातली, त्याच दुपारी लाईट गेली आणि मंडळाकडून निरोप आला की वाहिनी कोसळली, दोन दिवस विसरा. दौलत हसत हसतच अंगणात गेला. गाजऱ्याकडून आणलेला ताजा खडा पहिल्या रांजणात टाकला.

काहीच झालं नाही.

त्यानं बॅटरी लावून मानेतून आत बघितलं. आत पांढरंफटक. हात लावला तर बर्फासारखं गार. दुसरा उघडला, तोही दगड. तिसरा, चौथा. सहावा उघडताना बूच हातातून निसटून खड्ड्यात पडलं. सहाच्या सहा रांजण केव्हाच मरून पडले होते.

"मंदे!" तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि मंदाला त्याच्या ओरडण्यापेक्षा त्या आवाजाचीच भीती वाटली. "निव्यानं टाकलं विरजण. बोलला होता ते करून दाखवलं."

"अहो, कशावरून? आधी पोरीचं बघा. खोली गार पडायला लागलीय."

"बघतो. आधी गॅसची शेगडी बघतो. मग त्याच्याकडं बघतो."

तो मोटारसायकल काढून तालुक्याला पळाला. मंदा दारात उभी राहिली. आत तेजल बाळाला पोटाशी धरून तीन गोधड्यांखाली बसली होती, आणि बाळ रडायचं थांबलं होतं. तेच वाईट, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मंदानं पदर डोक्यावरून घेतला, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदाच भिंतीला वळसा घालून धाकट्या जावेच्या दारात गेली.

"रोहिणी, माझ्यावर थुंक पाहिजे तर. पण पोरगी निळी पडतीय गं."

रोहिणी जेवत होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला. निवृत्तीकडे नुसतं बघितलं. निवृत्ती उठलाच होता. त्यानं खुंटीवरची जाड नळी काढली.

"वहिनी, भिंतीवरून टाकतो. माझा चौथा रांजण भरलेला आहे. तुम्ही दोघी तिकडचं टोक पट्टीला जोडा, इकडचं मी बघतो. दादाला सांगू नका. कळलं तर नाही म्हणायचा, आणि पोरगी जायची."

दोघी दौलतच्या घरात शिरल्या. दार लावलं, फटींना चादरी कोंबल्या. म्हणून बाहेर निवृत्तीच्या बाजूनं बोलायला कोणीच उरलं नाही.

तालुक्याला शेगडी मिळाली नाही. गॅसच्या दुकानापुढे हाणामारी चालली होती. दौलतच्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्याच्या डोक्यात रिकामी टाकी घातली गेली. दौलतनंही दोघांना लोटलं, एकाच्या नाकावर गुद्दा मारला, काउंटरपर्यंत पोचला तर शटर खाली. तो परत निघाला तेव्हा दिवस मावळत होता. वारा तोंडावर ब्लेडसारखा लागत होता. डोळ्यापुढे एकच चित्र, ती मुठीएवढी पोर. आणि कानात एकच वाक्य, चोराला चोराचा कळवळा. साऱ्या वाटेनं तो ते वाक्य घोटत आला.

अंगणात शिरला आणि थबकला. भिंतीवर निवृत्ती होता. पोटावर आडवा पडलेला, अर्धं अंग दौलतच्या बाजूला लोंबणारं, हात खाली रांजणांच्या खड्ड्याकडे. हातात पाना. अंधारून आलं होतं, भिंतीवरून उतरलेली नळी दौलतला दिसली नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती अशी. दौलतनं विचारलं नाही, हाक मारली नाही. कोपऱ्यात पहार उभी होती. तीच, जिनं माडी पाडली होती. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलून निवृत्तीच्या खांद्यावर घातली. कडकन आवाज झाला. निवृत्ती डोक्यावर अंगणात कोसळला.

"दादा... नळी..."

"गप! सहा मारलेस, आता काय बघायला आलास रे? मेले का नीट ते?" दौलतनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक, मग तोंडावर. निवृत्तीच्या नाकातोंडातून रक्त आलं, ते वाफाळत होतं. "माझी नात मारायला निघालास! नऊ दिवसांची पोर!"

त्यानं भावाची गचांडी धरून त्याला फरफटत चौकात नेलं. ओरडत नेलं, म्हणजे सगळं गाव बाहेर यावं. आणि आलं. गाजऱ्या आला, सकाळचे सगळेच आले. सकाळी निवृत्तीनं चोर सोडवलेला त्यांना आठवला, मार्चातली शिवी आठवली, अंगणात पाना घेऊन सापडला एवढं ऐकलं, आणि कोणालाही आणखी काही ऐकायचं राहिलं नाही. मोडलेला हात मागे ओढून त्याला खांबाला बांधला. निवृत्ती काहीतरी सांगत होता. फुटलेल्या ओठांतून, पडलेल्या दातांतून 'नळी', 'वहिनी' असं काहीबाही येत होतं.

"आता वहिनी आठवली व्हय रे!" कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

पहिली बादली दौलतनं ओतली. दुसरी गाजऱ्यानं. तिसरी कोणी ओतली, याबद्दल पुढे गावात सगळ्यांनीच हात वर केले. पाणी त्याच्या केसांवरून ओघळलं, शर्ट अंगाला चिकटला, वारा सुटला आणि शर्ट कडक व्हायला लागला. निवृत्तीचं अंग खांबाला थडथड आपटत होतं. मग आपटायचं थांबलं. दौलतला ते थांबलेलं दिसलं. बाळ रडायचं थांबलं तेही त्याला कोणी सांगितलं असतं, तर कदाचित दोन्हींचा अर्थ त्याच्या ध्यानात आला असता. पण तो बादली घेऊन उभा राहिला, आणि लोक शेकोटीसाठी टायर शोधायला लागले.

तिकडे खोलीत पट्टी कोमट झाली, मग गरम. रोहिणी गुडघ्यावर बसून नळीचा जोड हातानं दाबून धरत होती, थोडं गळत होतं. बाळाच्या ओठांवर रंग आला. पोरीनं तोंड उघडलं आणि मांजरीच्या पिलासारखी ओरडली. तेजल हमसून हमसून रडायला लागली. मंदा आनंदानं उठली, मागच्या दारानं अंगणात धावली.

"भाऊजी! आली हो ऊब! बाळ रडलं!"

भिंतीवर कोणी नव्हतं. खाली पाना पडला होता. फरशीवर रक्त होतं, ते गोठून काळं पडलं होतं. चौकातून गलका ऐकू येत होता.

ती चपला न घालता धावली. गर्दी फाडून आत शिरली आणि खांबाला बांधलेला माणूस ओळखून तिनं जी किंकाळी फोडली, तिनं टायर शोधणारे जागीच उभे राहिले.

"अरे, तो नळी टाकत होता रे! त्याच्या रांजणाची! मीच मागितली होती, मी! सोडा त्याला, मेल्यांनो!"

दोर पाण्यानं गोठून लोखंड झाला होता. निवृत्तीच्याच खिशातली कात्री काढून कोणीतरी तो कापला. दौलतनं भावाला उचललं. कपडे काचेसारखे कडकड मोडत होते. कुठे न्यायचं? जवळची गरम खोली एकच होती. त्याला बाळंतिणीच्या खोलीत, पट्टीपाशी निजवला. रोहिणीनं मान वळवून बघितलं. तिला जोडावरचा हात काढता येईना. हात काढला की पाणी गळून बाळाची पट्टी गार होणार. ती तशीच, एका हातानं जोड दाबून, दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या गालावरचा बर्फ पुसत राहिली. दौलत दारात उभा राहिला. आत पाय टाकायची त्याची छाती झाली नाही.

निवृत्तीनं एकदा डोळे उघडले. "जोड... घट्ट बसला नाही," तो म्हणाला. "पाना... अंगणात पडलाय, दादा."

दौलत धावत गेला, पाना घेऊन आला, जोड आवळला. रोहिणीचा हात मोकळा झाला. तोवर निवृत्ती गेला होता.

रात्रभर दौलत अंगणात रांजणांपाशी बसून राहिला. पोलीस सकाळी येणार होते. त्याला रडू येत नव्हतं, कारण त्यानं एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती: विरजण मात्र निवृत्तीनंच टाकलं होतं. टाकलं, मग पोरीचं कळलं, मग पस्तावला, म्हणून नळी घेऊन आला. बोलला होता, साऱ्या गावानं ऐकलं होतं. चूक माझी अर्धी, अर्धी त्याची. एवढं अर्धं तरी देवानं आपल्याला ठेवावं, असं तो पुन्हा पुन्हा मनात घोळत होता.

दिवस चांगला वर आल्यावर जीप आली. फौजदार बेड्या काढत होता, तेवढ्यात रोहिणी बाहेर आली. लुगड्यावर रक्त तसंच होतं. अंगठा चिरडलेल्या पायानं लंगडत ती रांजणांपाशी आली, भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि दौलतपुढे धरली.

"फोडा, भाऊ."

"काय?"

"रांजण. खडा जिथं पडतो तिथून सुया निघतात, कंपनीचा माणूस सांगून गेलाय. पहिला कण मधोमध सापडतो." तिचा आवाज कोरडा होता. "माझा माणूस बोलला होता ते मीही ऐकलंय. रात्रभर माझ्या मनातून जाईना. मला बघू द्या त्यानं काय टाकलं ते."

फौजदारानं बेडी तशीच हातात धरली. गल्ली जमली होती. दौलतनं पहार घेतली. पहिल्याच घावाला रांजण चिरला, दुसऱ्याला मिठाचा गोळा दोन भाग होऊन उघडला. आत पांढऱ्या सुयांचं मोठं फूल होतं, सगळ्या सुया एका ठिकाणाहून निघालेल्या. त्या ठिकाणी तांदळाचा दाणा होता. पिवळा, हळदीचा.

दौलतनं तो दाणा नखानं खरवडून बघितला.

"हे काय?" फौजदारानं विचारलं.

रोहिणीनं दुसऱ्या रांजणाकडे बोट दाखवलं. "फोडा."

दुसऱ्यातही तेच फूल, तोच दाणा. तिथे तीन होते, एकमेकांना चिकटलेले. तिसरा फोडताना दौलत लहान पोरासारखा हुंदके देत होता आणि तरीही पहार मारत होता. मंदा देव्हाऱ्यातून डबी घेऊन आली होती. तिनं ती उघडून उन्हात धरली. बुडाला हळदीचा डाग, आणि कडेच्या खाचेत पांढरी पूड.

"नवमीला ह्यात घेतल्या होत्या का अक्षता?" ती म्हणाली. "अहो, ह्यात आपलं विरजण होतं. गेल्या साली मीच ठेवलं होतं. निवदाच्या डबीत घ्यायच्या होत्या ना."

दौलतच्या हातातून पहार पडली. त्याला ते बूच आठवलं, मिटलेले डोळे आठवले, काळे पडलेले झेंडू आठवले. सहा वेळा त्यानं देवाला तेच मागितलं होतं. तो भावाचं रक्त लागलेल्या फरशीवर कपाळ आपटायला लागला. फौजदाराच्या माणसांनी त्याला धरून उभं केलं, बेड्या घातल्या. गर्दीतला गाजऱ्या हळूहळू मागे सरकत घराकडे निघून गेला.

एक शिपाई पंचनाम्यासाठी अंगण मोकळं करत होता. भिंतीवरून आलेली, दाराच्या फटीतून आत गेलेली नळी त्याला वाटेत आडवी आली. तो वाकला आणि ती ओढून काढायला लागला.

"ती राहू द्या," रोहिणी म्हणाली.

"बाई, मुद्देमाल आहे. जप्त करावा लागंल."

"मग रांजण संपल्यावर करा. अजून दोन दिवस पुरेल." ती फौजदाराकडे वळली. "आत पोरगी आहे, दहा दिवसांची. तिला लागते ती."

फौजदारानं मानेनंच शिपायाला नको म्हटलं. दौलतला जीपकडे नेलं. वाटेत ती नळी आडवी होती, थंड फरशीवर वाफ सोडत पडलेली. तो तिच्यापाशी थांबला, बेड्या घातलेले हात छातीशी घेतले, आणि तिला पाय लागू न देता, एकेक पाऊल उचलून, जपून पलीकडे गेला.